यंत्रात दिसेल असं काही

नव्वदच्या दशकाच्या मध्यात मी बंगलोरच्या एका इस्पितळात संशोधन सहायक होते. ऑटिझम असलेल्या मुलांच्या मेंदूत यंत्रावर दिसेल, आणि दर वेळी तशीच दिसेल, अशी एखादी खूण सापडते का, हे आमच्या डॉक्टरीणबाई शोधत होत्या. माझं काम मुलांच्या डोक्याला तारा चिकटवायचं. हेडफोनमधून टक्‌टक् आवाज जायचा आणि मेंदूचा प्रतिसाद पडद्यावर रेघ होऊन उमटायचा. लोकांशी फार बोलावं लागत नसे. मला ते सोयीचं होतं.

एका सकाळी यशवंतपूरहून एक आई पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मराठीच, पण तीन पिढ्या इथल्या. केस धुऊन आणा, असं आम्ही आधी कळवत असू. तिनं धुतले होते. मग खोबरेल चोपडून दोन घट्ट वेण्या घातल्या होत्या.

"तेल का लावलंत?"

"स्वल्पच लावलं, अक्का. कोरड्या डोक्यानं पोरीला दवाखान्यात आणू? डॉक्टर म्हणतील, हिला आई नाही."

तेलावर तार चिकटत नाही. मी स्पिरिटचा बोळा घेऊन पुढे झाले तशी मुलगी किंचाळली. बोळा आईकडे दिला. ती सावकाश पुसत राहिली आणि मुलगी तिच्या मांडीवरच झोपली. आम्हाला तेच हवं होतं.

रेघा सुरू झाल्या. आई वाकून पाहू लागली.

"दिसलं?"

"एकट्या मुलीचं असं कळत नाही. पुष्कळ मुलांचं एकत्र करून बघायचं. फरक असला तर मग दिसेल."

"घरी कोणात मिसळत नाही, इथं बरी मिसळली!" ती हसली. मग हळूच म्हणाली, "सासूबाई म्हणतात, मी सारखं कडेवर घेतलं म्हणून ही बोलत नाही. यांनाही तेच वाटतं. मशीनमध्ये आलं असतं तर मी सुटले असते."

"तुमच्यामुळे नाही झालेलं. डॉक्टर सगळ्यांनाच सांगतात."

"मग यांना सांगा की. खाली स्कूटरपाशी उभे आहेत."

डॉक्टरीणबाई वॉर्डात होत्या. अनोळखी पुरुषाशी आपण होऊन बोलायची मला सवय नव्हती. तपासणी संपल्यावर तारा काढल्या, वाक्य मनात इंग्रजीत जुळवलं आणि खाली जाऊन मराठीत सांगितलं: हे आईच्या वागण्यानं होत नाही.

त्यानं नीट ऐकून घेतलं. "सरी, बरं. मशीन काय म्हणालं?"

"मशीनवरून अजून सांगता येत नाही."

"मग येऊ दे की. तोवर कशाला बोलायचं?"

पुराव्याशिवाय आम्हीही काही म्हणत नसू.

माझ्या मागोमाग उतरलेल्या बायकोनं हे ऐकलं होतं. ती मुलीला खांद्यावर घेऊन स्कूटरवर मागे बसली. "तुम्ही थांबा मशीनसाठी," ती म्हणाली. "तुमच्या आईंना मी आज जेवतानाच सांगणार. मध्ये बोलू नका, एवढं करा."

त्यानं किक मारली. दुसऱ्या किकला स्कूटर सुरू झाली.