अडीच घरांची उडी

शकूरनं नांदुऱ्याच्या एका जिनिंगमध्ये एकतीस वर्षं कापसाच्या गठाणी हलवल्या. चौघांची गठाण तिघांनी ढकलायची, हे रोजचंच. दुपारच्या सुट्टीत भाकरी चार घासांत संपवून तो बुद्धिबळ मांडायचा. पट गोणपाटावर रंगवलेला, मोहरे बाभळीचे, स्वतः कोरलेले. नुसत्या चार घोड्यांना एक उन्हाळा गेला होता.

समोर वजनकाट्यावरचा कारकून गोकुळ. त्याला खेळ शकूरनंच शिकवला, तोही देशी. म्हणजे शह बसलेला नसेल तर राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता येते. गोकुळ खुर्चीवरून वाकून खेळायचा, शकूर खाली उकिडवा बसून.

"एवढं डोकं असून गठाणीच ढकलून राह्यला बे!" हरला की गोकुळ म्हणायचा.

"मंग खुर्चीवर बसून तुम्ही काऊन हरून राह्यले, गोकुळभाऊ?"

त्या अर्ध्या तासात शकूरच्या पाठीला ओझ्यासाठी कुणी हाक मारत नव्हतं. खेळानं त्याला दिलं ते एवढंच.

दोघांचं जिनिंगमधलं काम कायमचं सुटल्यावर गावात खुली स्पर्धा भरली. शकूरला बक्षिसाचं काही नव्हतं. गोकुळसमोर तेवढ्याच उंचीच्या खुर्चीवर बसून, चार लोकांदेखत एक डाव जिंकायचा होता. त्यानं गोकुळलाच नियम विचारले.

"प्यादं पहिल्यांदा दोन घरं जाते. राजा-हत्तीचा किल्ला होते. बाकी आपलंच."

शकूरनं महिनाभर तेवढं घोटलं. पहिले दोन डाव जिंकला. तिसरा गोकुळशी पडला. शकूरचा एक हत्ती जास्त होता. गोकुळचा वजीर राजावर चालून येत होता, पण शकूरनं उडी राखून ठेवली होती. त्यानं राजा उचलला आणि अडीच घरं टाकला.

गोकुळनं घड्याळ थांबवून हात वर केला.

पंच वैष्णवी आली. "काका, राजा असा चालत नाही. आणि हात लावलाय, तर आता राजाच हलवावा लागेल."

राजाला एकच घर मोकळं होतं. शकूरनं तो तिथं ठेवला. वजिरानं मात केली.

"सांगतलं नाही तुम्ही."

"उडीचं तू इचारलंच नाही बे," गोकुळ पटाकडे पाहत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोकुळ शकूरच्या दारात हजर. "मांड."

शकूरच्या बायकोनं, नजमुन्निसानं, पाहुण्याला खुर्ची दिली. घरात ती एकच होती. डाव रंगला आणि गोकुळनं राजाची उडी मारली. शकूरनं नुसतं वर पाहिलं.

"इथं चालते ना?"

"चालते," शकूर म्हणाला, आणि तिथून नवव्या चालीला मात केली.

"जीत तुहीच, शकूर. मले माहीत हाय."

"अजून कोणी पाह्यलं?"

शकूर एकेक मोहरा पुसून थैलीत भरू लागला. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, तो पुन्हा उकिडवाच बसला होता.