रविवारची गोलकीपर

खोटं बोलायला किती राबावं लागतं, हे तनिषाला मँचेस्टरला आल्यावर कळलं. खरं बोलणाऱ्याचं बरं असतं, त्याला तयारी लागत नाही. तनिषाला मात्र दर रविवारी सकाळी लॅपटॉप मांडीवर घेऊन पूर्ण मॅच बघावी लागे. कुठला शॉट कुठून आला, रेफरी कुणावर डाफरला, वारा कुठल्या बाजूने होता, सगळं डोक्यात साठवावं लागे. कारण मॅच संपली की लंडनजवळ पिनरला, आईला फोन करायचा, असा दोघींचा शिरस्ता होता. आणि ती मॅच तनिषा स्वतः खेळून आली आहे, असं आईला वाटत होतं.

मॅच असायची स्पेनमधली. ज्यांची नावं टीव्हीवर झळकतात त्या क्लबांची नव्हे हं. त्यांच्याही खाली, बायकांची तिसऱ्या पातळीची लीग. तिथे कॅप्टन दिवसभर शाळेत शिकवते, डिफेंडर बेकरीत उभी राहते आणि संध्याकाळी सगळ्या दमलेल्या पायांनी सरावाला येतात. गाव लहान, मैदानावर प्लास्टिकचं गवत, कुंपणापलीकडे संत्र्यांच्या बागा. मॅच लाइव्ह दाखवायची म्हणून क्लबच्या अध्यक्षांचा मेहुणा छपरावर एक कॅमेरा बांधून निवांत सिगारेट ओढत बसे. कॅमेऱ्यात माणसं मुंगीएवढी दिसत. जर्सीवर नावं नसत. एक नंबरची पिवळी जर्सी क्लबच्या मालकीची, आज हिच्या अंगावर, उद्या तिच्या. मागच्या वर्षी ती तिथे खरोखर गोलकीपर होती तेव्हा या गोष्टीवर पोट धरून हसली होती. आता त्याच गोष्टीवर तिचं सगळं खोटं तगून होतं.

ती तिथे पोचली ती फक्त आईमुळे. राजश्रीबाई स्वतः नागपूरला शाळेत खो-खो खेळलेल्या. मैदानात उतरताना जमिनीला हात लावून तो कपाळाला लावायचा, हे त्यांनी लेकीला ती नीट चालायला लागली तेव्हापासून शिकवलं. पिनरच्या पार्कात बाकीच्या पोरी त्यावर फिदीफिदी हसायच्या, पुढे स्पेनमधल्याही हसल्या, पण हाताला सवय ती सवय. बाबांना मात्र फुटबॉल डोळ्यांसमोर नको. सुभाषरावांनी आयुष्यभर कौन्सिलच्या ऑफिसात मान मोडून काम केलेलं, मुलीने फार्मसीची डिग्री अर्धी सोडली तेव्हा ते महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. "बाबासाहेब ह्याच देशात शिकायला आले होते, आणि ही शिक्षण सोडून पळतेय," एवढंच एकदा म्हणाले. तेव्हा आई, जी घरात कधी आवाज चढवत नाही, ती म्हणाली, "ती पळत नाहीये. ती गोलमध्ये उभी आहे. मी बघते ना तिला दर रविवारी लॅपटॉपवर."

ख्रिसमसला तनिषा घरी आली होती. जानेवारीत परत निघाली, आईबाबा दोघंही एअरपोर्टला सोडायला आले. बाबांनी पहिल्यांदाच तिची बॅग उचलली. जाड कोट आईने आदल्या दिवशीच कपाटात टांगून ठेवला होता, स्पेनला कशाला हवा तो धोंडा म्हणून. त्यांना हात हलवून ती आत गेली, आणि विमानाची वाट बघत बसली असताना कोचचा मेसेज आला. ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना आता परमिट लागतं, क्लबला ते जमत नाही, टाइल्सच्या कारखान्याने स्पॉन्सरशिप काढून घेतली आहे, गोलमध्ये गावातली नुरिया उभी राहील. येऊ नकोस. खाली एक लाल हृदय.

तेव्हाच घरी जायला हवं होतं. कुणीही शहाणा माणूस गेला असता. पण बाबा अजून पार्किंगमध्येच असतील, आणि आईचा शब्द तासाभरात तोंडावर आपटेल, हे तिला सोसवेना. ती बाहेर पडली ती थेट मँचेस्टरच्या बसमध्ये बसली. युनिव्हर्सिटीतली मैत्रीण आश्लेषा तिथे राहत होती, तिच्याकडे एक खोली रिकामी होती. आठवडाभरात दुसरा क्लब गाठू आणि मग सांगू, असा तिचा हिशेब. आठवडा गेला, हिवाळा गेला. दुसऱ्या क्लबांनी उत्तरंसुद्धा धाडली नाहीत. ती एका हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये ट्रे धुऊ लागली, क्लबच्या पातळ जॅकेटमध्ये कुडकुडत ट्रॅमची वाट बघू लागली आणि रविवारी लॅपटॉपवर नुरियाच्या जागी स्वतःला बघू लागली.

व्हिडिओ कॉल ती टाळायची. वायफाय खराब आहे म्हणायची. एकदा नाइलाजाने लावला, तर आई म्हणाली, "एवढ्या उन्हात राहून अशी फिकट कशी ग दिसतेस?"

"सनस्क्रीन, आई. इकडे मस्ट असतो."

एप्रिलमध्ये पिनरजवळच्या हॅरोच्या हॉलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीचा कार्यक्रम झाला. लेकीबद्दल दोन शब्द बोला म्हणून लोकांनी आईला फार आग्रह केला, पण घसा बसलाय म्हणून ती स्टेजवर गेली नाही, हे तनिषाला बाबांकडून कळलं. फोनवर तर आईचा घसा चांगला खणखणीत होता. तनिषाला शंका आली, पण तिने ती झटकून टाकली.

मे महिन्यात शेवटची मॅच आली. हरलं तर टीम खालच्या लीगमध्ये जाणार, आणि एकदा खाली गेलेली अशी टीम बहुतेक वेळा बंदच पडते. तनिषा सकाळपासून नखं खात होती. टीम वाचली तर पुढच्या वर्षी परमिटचं बघू, असं कोच एकदा म्हणाला होता. त्या एका वाक्यावर तिने सगळा हिवाळा काढला होता.

मॅच बरोबरीत चालली होती. अगदी शेवटाला पेनल्टी. छपरावरच्या कॅमेऱ्यात पिवळा ठिपका डावीकडे झेपावला आणि बॉल उजवीकडून आत गेला. पिवळा ठिपका तिथेच बसून राहिला. कॅप्टन येऊन त्याला उठवायला लागली, तो उठेना. तनिषाच्या तोंडून हुंदका फुटला. पुढच्या वर्षाची ती एक फट होती, तीही बंद झाली. आता पुढे काही नव्हतं. कॅन्टीन होतं, आणि हा फोन.

फोन न करून चालणार नव्हतं. तिने नाक पुसलं आणि लावला.

"आई, हरलो. मी लेफ्टला गेली, तिनी राइटला मारला. सगळी माझी चूक होता. टीम खाली गेला, आई. सॉरी. आय अॅम सो सॉरी."

पलीकडे आईच्या मागे स्वयंपाकघरात नळ वाहत होता, तो तिने बंद केला.

"तनू," आई म्हणाली, "ती मुलगी कोण आहे ग?"

"कुठली मुलगी?"

"गोलमधली. फार रडत होती बिचारी. तिची आई होती का तिथे?"

सगळं पाठ केलं होतं तिने, शॉट, वारा, रेफरी. ह्या प्रश्नाचं उत्तर तेवढं तयार नव्हतं.

"ती वाकत नाही," आई म्हणाली. "पहिल्याच रविवारी खटकलं मला. तुझं तोंड कुठे दिसायचं त्यात, पण मॅच सुरू होताना तू वाकलेली दिसायचीस. जानेवारीपासून ती पिवळी जर्सी सरळ चालत जाऊन उभी राहते. पायबिय दुखत असेल म्हणून मी दुसऱ्या रविवारी परत बघितलं. मग नेहमीसारखा तुझा फोन आला, आणि तू मला मॅच सांगायला लागलीस."

"मग तू विचारलं का नाही?" तनिषा ओरडलीच.

"विचारलं असतं तर फोन बंद केला असतास." आईचा आवाज आता खरंच बसला होता. "तू कुठे आहेस मला ठाऊक नव्हतं, तनू. कुणाकडे आहेस, जेवतेस का, काही ठाऊक नव्हतं. रविवारी तेवढा आवाज ऐकू यायचा. तो गेला असता तर मी काय केलं असतं? बाबांनाही बोलले नाही. तुला सोडून आल्यापासून तेही शेजारी बसून बघायचे, टाळ्या वाजवायचे, मीही वाजवायचे."

तनिषा भिंतीला टेकून खाली बसली. रडू आवरत नव्हतं, आणि आता ते आवरायचं कारणही उरलं नव्हतं.

"कुठे आहेस, बाळा?"

"मँचेस्टर."

"मँचेस्टर?" आईने विचारलं. "म्हणजे इथेच? जानेवारीपासून?"

"हो."

"अग, मग थंडीत काय घातलंस?" आई म्हणाली. "तुझा कोट तर माझ्या कपाटात आहे."