नव्याकोऱ्या साखळीचं म्हातारपण

आमच्या सासूबाईंचं आणि गंजाचं उभं वैर. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी ऐन तारुण्यात पाऊल ठेवलं, ते निवृत्त होऊनच बाहेर काढलं. काम एकच. पेटीत भरण्याआधी प्रत्येक भाग उजेडात फिरवून बघायचा, कुठे तांबूस ठिपका दिसला की बाजूला काढायचा, आणि उरलेल्यांवर तेलाचा हात फिरवून ते मेणकागदात गुंडाळायचे. हातमोजे न घालता कुणी तयार मालाला बोट लावलं, तर त्या असा आवाज चढवायच्या की शेजारच्या विभागातले लोक माना वळवून बघायचे. कारखान्यात त्यांचं नावच 'चकाचक बाई' पडलं होतं. त्यांना ते आवडायचं.

निवृत्त झाल्या आणि त्यांच्या हातांना काही सुचेना. मग घरातल्या नळांवर संक्रांत आली. कड्या, बिजागऱ्या, खिडकीचे गज, सगळं रोज घासायचं. माझा नवरा वैतागून म्हणायचा, "आई, तू नळाचं सालपट काढणार आहेस एक दिवस." दुपारी मात्र त्या खिडकीशी बसून नुसत्या रस्त्याकडे बघत राहायच्या. चकाचक बाईंना बघायला मालच उरला नव्हता, हे मला कळायचं. काय करावं ते मात्र कळत नव्हतं.

मी नाटकांचे कपडे शिवते. आमची हौशी मंडळी आहे, छोटंसं नाट्यगृह आहे, आणि दिग्दर्शकाला त्याच्या दाढीमुळे सगळे 'दाढी'च म्हणतात. त्या वेळी बसवत होतो ते नाटक होतं एका कैद्याचं. वर्षानुवर्षं तळघरातल्या कोठडीत पडलेला माणूस, पायात साखळी, आणि त्याला भेटायला येणारी त्याची मुलगी. साखळी आधी भंगारातून जुनी आणली होती. दिसायला झकास! पण तालमीत कैद्याने हिसका दिला आणि एक कडी तटकन तुटली. टोकाला बांधलेला लोखंडी गोळा त्याच्या पायाशेजारी असा आदळला की सगळे दोन पावलं मागे सरले. दाढीने त्याच दिवशी दुकानातून नवी, भक्कम पोलादी साखळी आणली. कुलूप आणि कोठडीच्या दाराच्या बिजागऱ्याही नव्या.

आता पंचाईत वेगळीच. दिव्यांखाली ती साखळी लखलखायला लागली. कैदी चालला की वाटावं, लग्नाला निघालाय. तपकिरी रंग मारून पाहिला, तर चॉकलेट थापल्यासारखी दिसली, आणि ओढताच पोपडे निघाले. दाढी डोक्याला हात लावून बसला. मी साखळी, कुलूप आणि बिजागऱ्या पिशवीत घालून घरी आणल्या, काहीतरी सुचेल म्हणून.

सासूबाईंनी पिशवीत डोकावलं. "नवी दिसतेय. चांगली आहे गं. काय करायचंय हिचं?"

मी घाबरत घाबरत म्हणाले, "आई, हिला गंज चढवायचाय."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घराला आग लावायची परवानगी मागितली होती. मग साखळीची एक कडी चिमटीत धरून उजेडात फिरवली. बराच वेळ. आणि त्यांचे डोळे हळूहळू मोठे झाले.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "आम्हाला जे जे करायला बंदी होती, ते सगळं करायचं?"

"हो!"

"थांब. चप्पल घालते."

खालच्या औषधाच्या दुकानात आम्ही जखम धुवायचं पेरॉक्साइड मागितलं. कशासाठी हवंय ते न विचारताच दुकानदार सवयीने म्हणाला, "काकू, लोखंडी भांड्यात नका हं ओतू, गंजेल."

"नक्की गंजेल?"

"नक्की."

"मग सगळ्यात मोठी बाटली द्या!"

बाटली घेऊन त्या जवळजवळ पळतच जिना चढल्या. मी व्हिनेगर काढलं, त्यांनी मीठ. दोन्हीत पेरॉक्साइड मिसळलं, फवाऱ्याच्या बाटलीत भरलं आणि न्हाणीघरात साखळीवर मारलं. उग्र वास असा नाकात घुसला की दोघी खोकत बाहेर. नवऱ्याने खिडक्या उघडल्या आणि विचारलं, "घरात माणसं राहणार आहेत की साखळी?" तेव्हापासून सगळा कारभार गच्चीवर हलला, मोकळ्या हवेत, रबरी हातमोजे घालून आणि डोळ्यांवर चष्मा लावून. आणि जे मिश्रण उरेल ते झाकण लावून ठेवायचं नाही, पाणी घालून ओतून द्यायचं, हेही ठरलं.

पण साखळी? ढिम्म. तशीच चकचकीत. आम्ही पुन्हा फवारलं, वाट पाहिली, फुंकर घातली. काही नाही. मी हिरमुसले. सासूबाईंनी मात्र मांडीवर थाप मारली.

"अगं, हिच्यावर जस्ताचा मुलामा आहे! गंज येऊ नये म्हणूनच तर तो देतात. मी जन्मभर बघितलाय आणि आज विसरले. आधी हिचा कोट उतरवायला हवा."

मग साखळी साबणाने घासून तेलकटपणा काढला आणि प्लास्टिकच्या बादलीत व्हिनेगरमध्ये बुडवून गच्चीच्या कोपऱ्यात ठेवली. बारीक बुडबुडे यायला लागले. सासूबाई बादलीपाशी स्टूल टाकून बसल्या, दूध उतू जाईल म्हणून बसावं तशा. सकाळी साखळी बाहेर काढली, तर चमक गेलेली, अंग राखाडी. पाण्याने धुतली, उन्हात पसरली आणि फवारा मारला.

मी तो क्षण विसरणार नाही. साखळी फसफसली. कड्यांच्या कडांवर आधी पिवळट, मग नारिंगी रंग फुटला, आमच्या डोळ्यांदेखत, जणू कुणी आतून दिवा लावतंय.

"आला! आला! आला!" सासूबाई ओरडल्या. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई दचकून म्हणाली, "कोण आलं हो?"

"गंज आला, गंज!" त्या म्हणाल्या, आणि माझे हात धरून त्यांनी चक्क गिरकी घेतली.

मग त्यांना थांबवणं कुणाच्या हातात राहिलं नाही. फवारायचं, वाळू द्यायचं, पुन्हा फवारायचं. कुलूप झालं, बिजागऱ्या झाल्या. पण त्यांचं समाधान होईना. "हा रंग पोरकट आहे. जुना गंज असा भडक नसतो." खरा कसा असतो ते बघायला त्या गल्लीतली फाटकं बघत फिरायला लागल्या. एका फाटकापाशी भिंग घेऊन वाकल्या होत्या, तर मालक बाहेर आला आणि ओशाळून म्हणाला, "रंग लावायचाच आहे हो, राहूनच जातंय."

"नका लावू!" त्या कळवळून म्हणाल्या. "अजिबात नका लावू! केवढा सुंदर आलाय!"

तो मालक नंतर कितीतरी दिवस मला जपून नमस्कार करायचा.

त्या पाहणीतून त्यांना उमगलं की खाचेत गंज काळपट असतो, जिथे घासलं जातं तिथे लोखंड उघडं पडतं, आणि मधला भाग तपकिरी. मग त्यांनी तारेच्या ब्रशने कड्यांच्या कडा घासल्या, खाचा तशाच सोडल्या, पुन्हा एक फवारा दिला. साखळी अशी दिसायला लागली, जणू तिने दोन-तीन कैदी आधीच संपवलेत.

रंगीत तालमीला मी ती मिरवत नेली. दाढी नुसता बघत राहिला. कैद्याने साखळी ओढली, मुलगी धावत आली, बापाच्या पायाशी बसली, साखळी कुशीत घेऊन रडली, उठली... आणि मी किंचाळले. मी जिवापाड शिवलेला तिचा पांढरा झगा छातीपासून गुडघ्यापर्यंत नारिंगी!

घरी येऊन मी तो झगा सासूबाईंसमोर टाकला. "हे बघा! तुमच्या गंजाने माझी वाट लावली!"

"माझ्या गंजाने?" त्याही तडकल्या. "घेऊन कोण आलं होतं?"

आम्ही दोघी फुरंगटून दोन खोल्यांत बसलो. थोड्या वेळाने त्या झगा घेऊन मोरीत गेल्याचा आवाज आला. मी बघायला गेले, तर त्या डागांवर लिंबू आणि मीठ चोळत होत्या. न बघता म्हणाल्या, "पेटी भरताना आम्ही शेवटी काय करायचो? पुसायचो आणि तेल लावायचो. इथे ती पायरीच राहिली. गंज चढवला, पण त्याला थांबवला कुठे?"

मी खाली बसले आणि झग्याची खालची बाजू चोळायला घेतली.

दुसऱ्या दिवशी साखळी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात घोळली, म्हणजे उरलीसुरली आंबट खुमखुमी जिरावी. स्वच्छ पाण्याने धुतली, कडक उन्हात खडखडीत वाळवली, सुटा भुगा ब्रशने झाडला. लोखंड उन्हाने तापलेलं असतानाच त्यावर मेण चोळलं, कडी कडी फिरवून, आणि मऊ कापडाने पुसलं. रंग आणखी गडद झाला. सासूबाईंनी स्वतःचा पांढरा रुमाल काढला, साखळीवर दाबून ओढला आणि माझ्यापुढे धरला. कोरा.

"पास," त्या म्हणाल्या.

पहिल्या प्रयोगाला त्या पुढच्या रांगेत बसल्या होत्या. मी पडद्याआडून नाटक सोडून त्यांनाच बघत होते. अंधारातून आधी फक्त आवाज आला. नवी असताना ती साखळी किणकिणायची. आता ती जडपणे करकरत, फरफटत आली. प्रेक्षागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. उजेड साखळीवर पडला तेव्हा माझ्या अंगावर सरसरून काटा आला. सासूबाई खुर्चीच्या टोकावर आल्या होत्या आणि ओठ हलवत होत्या. नंतर विचारलं तर म्हणाल्या, "झग्यासाठी देवाचा धावा करत होते." मुलीने साखळी कुशीत घेतली, रडली, उठली. झगा पांढराशुभ्र! टाळ्या कैद्यासाठी होत्या हे मला माहीत आहे, पण आम्ही दोघींनी आपापल्या वाट्याच्या घेतल्या.

प्रयोग संपल्यावर कारखान्यातले त्यांचे जुने साहेब रंगमंचामागे आले. त्यांनी साखळी न्याहाळली आणि सवयीने कपाळाला आठ्या घातल्या. "बाई, तुम्ही इथे असताना ही अवस्था?"

"साहेब," सासूबाई हसू दाबत म्हणाल्या, "ही माझ्याच हातची."

साहेब आधी गोंधळले, मग समजलं तेव्हा खुर्ची ओढून बसले. "कशी केली? पहिल्यापासून सांगा." आणि दोघंही जी बोलत बसली, की दाढीला दिवे घालवता येईनात.

त्यानंतर मंडळींची एकही लोखंडी वस्तू त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय रंगमंचावर गेली नाही. दुसऱ्या नाटकवाल्यांकडूनही बोलावणी यायला लागली. आमच्या नळांना आता आठवडा आठवडा कुणी हात लावत नाही. नवरा म्हणतो, "बिचारे सुटले."

कालच दाढी आला होता. पुढच्या नाटकात समुद्रातून वर काढलेली तांब्याची घंटा हवीय, हिरव्या डागांची. सासूबाईंनी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही.

"तांबं हिरवं कशाने पडतं, ते आधी शोधायला हवं," त्या मला म्हणाल्या. त्यांचे गाल लाल झाले होते. "चल, ऊठ. हिरवी पडलेली तांब्याची जुनी भांडी कुठे दिसतील सांग."

मी चप्पल शोधेपर्यंत त्या जिना उतरूनही गेल्या होत्या.