ताट खोलीत नेऊ नये

आम्ही नारपोलीहून निघालो तेव्हा कापडाचे लूम चालूच होते. सकाळच्या शिफ्टची माणसं आईच्या खाणावळीत चहा पिऊन गेली होती आणि आईने खाणावळ तीन दिवसांसाठी शेजारच्या काकूंवर सोपवली होती. खाणावळ सुरू केल्यापासून असं तिने कधीच केलं नव्हतं. मी ट्रॅकसूट घालून दारात उभी होते, हातात कबड्डी क्लबातल्या आपल्या सरांनी लिहून दिलेली यादी. वडील मानकोलीच्या गोदामात ड्युटीवर होते, पण जायच्या आधी एवढं बोलून गेले होते, "नीट बघून ये. मंग रडत बसू नको का बघला न्हवता." आईने ठेवणीतली साडी नेसली होती आणि पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या घेतल्या होत्या. रिक्षा वळणावर आली तशी मी तिला बजावलं, "आये, तिकरं तू काय बोलू नको. मीच बोलन."

"बरा," ती म्हणाली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली.

क्लबातल्या पोरींनो, तुमच्यातल्या काही अजून शेलार गावात सराव करता, काही पोलिसात गेल्या, काही सासरी. तुम्हाला सगळ्यांना मी इथले फोटो पाठवत आले. मॅटचे, चषकांच्या कपाटाचे, निळ्या जर्सीतले. जे पाठवलं नाही ते आज लिहितेय.

राजस्थानातलं हे विद्यापीठ, जिथून मी लिहितेय, तसं लहानच. एक मोठी इमारत, दोन वसतिगृहं, मध्ये धूळ. पण कबड्डीसाठी मुली घेत होते आणि फी माफ होती. सरांनी बजावून सांगितलं होतं, नुसत्या फी-माफीवर भाळू नका, आधी जाऊन बघा. यादीत दहा गोष्टी होत्या. मॅट किती जुनी, वर्षाला सामने किती, आधीच्या मुलींना नोकऱ्या लागल्या का, डाएट, फिजिओ. प्रत्येकीपुढे मी चौकट आखली होती, खूण करायला. मला वाटत होतं मी फार हुशारीने विद्यापीठ पारखायला चालले आहे. खरं तर मीच घाबरले होते, की हे लोक मला पारखतील आणि नको म्हणतील.

आईला का गप्प केलं? तिला हिंदी येत नव्हती असं नाही. वीस वर्षं ती लूमवरच्या माणसांना जेवू घालते, बिहारच्या माणसाशी त्याच्यासारखं आणि आजमगढच्या माणसाशी त्याच्यासारखं भांडते. तिची हिंदी माझ्यापेक्षा चांगली आहे. पण ती नारपोलीची हिंदी. 'हम बोला ना तेरे को' अशी. आणि आपली बोली तर विचारूच नका. शाळेत मी 'पडला'ला 'परला' म्हटलं की वर्ग हसायचा, तेव्हापासून मी जीभ घासून घासून सरळ केली होती. आईने तिथे तोंड उघडलं असतं तर माझी सगळी घासाघीस पाण्यात गेली असती.

तिथल्या कोचसाहेबांनी आम्हाला हिंडून सगळं दाखवलं. मी खुणा करत होते. मॅट ठीक, सामने ठीक, डाएटचा तक्ता भिंतीवर. फिजिओ 'आते रहते हैं', तरी मी खूण केली. आईने मॅटकडे बघितलंसुद्धा नाही. ती मेसमध्ये रेंगाळली. पिठाच्या डब्यात डोकावली, आचाऱ्याला मान हलवून नमस्कार केला आणि मग भिंतीवरच्या पाटीसमोर उभी राहिली. एकेक अक्षर जोडत तिने ती पाटी वाचली. 'थाली कमरे में ले जाना मना है.' ताट खोलीत नेऊ नये. शितावरून भाताची परीक्षा करणं हा तिचा रोजचा धंदा, आणि हे एक शीत तिने बोटांनी दाबून बघितलं.

तिच्या खाणावळीत कोणी माणूस दोन वेळा जेवायला आला नाही तर ती त्याच्या खोलीवर डबा पाठवते. ताप असेल तर पेज. एकदा वडील वैतागून म्हणाले होते, आपण काय दवाखाना काढला आहे? तेव्हा ती म्हणाली होती, "जेवाया आपनच घालतो, तं ताप काय दुसऱ्याचा?"

बाहेर मैदानावर आल्यावर ती माझ्याजवळ सरकली आणि हळूच आपल्या बोलीत म्हणाली, "त्यांना इचार. पोर परली, पाय मोरला, तं तिचे जवल कोन बसल?"

कोच थांबले. "क्या पूछ रही हैं माताजी?"

मी हसले. "मम्मी पूछ रही है, अब तक कितनी ट्रॉफियाँ मिली हैं?"

आईला मी उभ्या जन्मात मम्मी म्हटलं नव्हतं. पण ते राहू दे. तिला प्रत्येक शब्द कळत होता आणि तिला कळतो आहे हे मला माहीत होतं. चार लोकांत ती मला खोटं पाडणार नाही, या भरवशावर मी ते बोलले. पायच मोडण्याची भाषा करणाऱ्या पोरीला संघात कोण घेईल, असं मला वाटलं, हे खरं. पण त्याहून खरं हे की 'परली' आणि 'मोरला' हे शब्द त्या मैदानावर मला नको होते.

कोचसाहेब खुलले. आम्हाला परत कपाटाकडे घेऊन गेले आणि एकेक चषक दाखवायला लागले. "यहाँ सब एक परिवार है, माताजी." आई प्रत्येक चषकाकडे मान वर करून बघत होती आणि 'अच्छा, अच्छा' म्हणत होती. तो प्रश्न तिने पुन्हा विचारला नाही. परतीच्या गाडीत भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली तेव्हाही नाही.

दुसऱ्या वर्षी माझा गुडघा गेला. सामन्यातही नाही, सरावात. उजव्या कोपऱ्यात मी चढाई करणारीचा पाय धरला, ती वळली, मी नाही वळले. लिगामेंट. गावातल्या डॉक्टरकडे मला मेसच्या गाडीतून नेलं, पट्टी बांधून आणलं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ठेवलं. संघ चार दिवसांनी स्पर्धेला गेला. कोच दारातूनच म्हणाले, "आराम करो, बेटा." वसतिगृह ओस पडलं. मेस खाली, जिने दोन, आणि पाटी भिंतीवर. पहिल्या दिवशी मी बसून बसून जिना उतरले, लहान मूल उतरतं तसं. दुसऱ्या दिवशी उतरलेच नाही. साफसफाईला येणाऱ्या बाई पदराखाली दोन रोट्या लपवून आणायच्या. बिचाऱ्या रोज घाबरायच्या.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. "जेवलीस?" मी म्हटलं, जेवले. "पाय बरा हाय ना?" हे ती नेहमीच विचारायची, खेळणाऱ्या पोरीला विचारतात तसं. मी म्हटलं, एकदम बरा. झाकली मूठ सव्वा लाखाची. खरं सांगितलं असतं तर तो मैदानावरचा प्रश्नच परत समोर आला असता, आणि तो गिळणारी मीच. त्या संध्याकाळी तुम्हाला मी चषकांच्या कपाटाचा फोटो पाठवला. तुम्ही बदामाची चित्रं पाठवलीत.

पुन्हा पहिल्यासारखी कधी खेळले नाही. पदवी झाली आणि विद्यापीठाच्या क्रीडा विभागातच मला लहानशी नोकरी मिळाली. काम काय म्हणाल, तर खेळाडू म्हणून प्रवेशाला येणाऱ्या मुलींना आणि त्यांच्या घरच्यांना हिंडवून सगळं दाखवायचं. मॅट दाखवते, तक्ता दाखवते. फिजिओ विचारला की म्हणते, आते रहते हैं. पाटीपुढून जरा भराभर चालते. लाज वाटते का? वाटते. पण पगार पहिल्या तारखेला होतो आणि लाजेचीही सवय होते, हे मी स्वतःवरून सांगते.

या उन्हाळ्यात आईने फोन केला. शेलारची एक मुलगी, आपल्याच क्लबातली, आपल्याच सरांच्या हाताखालची, इथे यायचं म्हणत होती. तिची आई चौकशी करायला खाणावळीत आली होती.

"तिची आयस माझे समोर बसलीय," आई म्हणाली. "ती इचारते. पोर परली, पाय मोरला, तं तिचे जवल कोन बसल?"

तेच शब्द. एकही इकडचा तिकडे नाही. मी चषकांच्या कपाटाखाली बसले होते आणि या वेळी मध्ये भाषांतर करणारं कोणी नव्हतं.

"कोनी न्हाय, आये," मी म्हटलं. कितीतरी वर्षांनी ती बोली या इमारतीत माझ्या तोंडून निघाली.

पलीकडे लूमचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "मना ठाव हाय. दिवालीला आलीस तवा एकेक पाय टाकून जिना उतरलीस."

"मंग इचारला का न्हाय?"

"इचारला असता तं तुना आजून एक खोटा बोलाया लागला असता."

 मी म्हटलं, त्या पोरीच्या आईला सांग, पोरीला धाडू नको. आई लगेच म्हणाली, "कला? का नको धाडू? तू हायस ना तिकरं? तू बस."

मुलगी जुलैत आली. तिला पाटी मी स्वतः दाखवली आणि फिजिओ येत नाहीत हेही सांगितलं. कोचसाहेबांच्या कानावर ते गेलं, आणि पुढच्या वर्षी हे काम माझ्याकडे राहील की नाही, ठाऊक नाही. गेल्या आठवड्यात सरावात तिचा घोटा मुरगळला. मी मेसमध्ये जाऊन ताट वाढून घेतलं. आचाऱ्याने नुसतं पाटीकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, वाचली आहे, आणि बाहेर पडले. दोन जिने, एकेक पायरी, डाळ सांडणार नाही अशी. गुडघा कुरकुरत होता.

इथल्या प्रत्येक फॉर्मवर 'कायमचा पत्ता' विचारतात आणि मी नारपोली लिहिते. इतकी वर्षं ते नुसतंच लिहीत होते. त्या घरी पाटी नाही, पण एक नियम आहे, आणि तो मी घरातून निघताना सोडून आले होते.

ती मुलगी लाजत जेवत होती. "ताई, तुमाला काम असल, तुमी जावा," ती म्हणाली. मी खुर्ची पलंगाजवळ ओढली. तेवढ्यात आईचा फोन वाजला.

"काय करतेस?"

"बसलीय," मी म्हटलं.