झुलत्या होडीत बसायचं होतं

ताईंचे पाय लहानपणीच्या तापात गेले, पण तोंड शाबूत राहिलं, असं त्या स्वतःच सांगायच्या. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं कपडे आल्टर करून द्यायचं दुकान. मशीनच्या मोटारीचं पायडल त्यांनी टेबलावर बसवून घेतलं होतं. डाव्या कोपरानं ते दाबायचं आणि उजव्या हातानं कापड सरकवायचं. नवं गिऱ्हाईक टकमक बघत राहिलं की म्हणायच्या, "पँट बघा की. मला काय बघताय?"

चाकाच्या खुर्चीतून मशीनपुढच्या बाकावर त्यांच्या दिवसभर येरझाऱ्या चालत. ब्रेक लावायचा, एक हात बाकावर, दुसरा खुर्चीच्या दांड्यावर, आणि अंग उचलून टाकायचं. दंड असे भरले होते, की स्वतःच्याच ब्लाउजच्या बाह्या उसवून सैल कराव्या लागत.

पण हे घरच्यांना कुठं दिसायला? धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला ताई 'जावईबापू' म्हणत. माणूस लाखात एक, फक्त उचलायची भारी हौस. गाडी थांबली रे थांबली, की विचारपूस न करता पोतं उचलावं तसा ताईंना उचलायचा. ताईंच्या पोटात गोळा यायचा. पण चांगल्या माणसाला बोलायचं तरी कसं?

दरवर्षी सगळे मिळून मनोरंजन पार्कात जात. भाचरं पाण्याच्या घसरगुंडीवर, आणि ताई सावलीत, मांडीवर सगळ्यांच्या पिशव्या अन् चपला घेऊन. "ताईला बघायलाच आवडतं," असं धाकटी सगळ्यांना सांगायची. हे तिला कुणी सांगितलं, देव जाणे. बघत बसायला ताईंना अजिबात आवडत नव्हतं. त्यांना त्या मोठ्या झुलत्या होडीत बसायचं होतं, तेही अगदी टोकाला, जिथं लोक बोंबलतात तिथं.

यंदा त्यांनी पिशव्या धाकटीच्या हातात दिल्या आणि खुर्ची सरळ होडीच्या रांगेत घातली. त्यांचा नंबर आला तसे जावईबापू बाह्या सरसावून पुढे झाले. होडीवाल्यानं हात आडवा धरला.

"उचलून बसवायचं नाही. नियम आहे. ज्याचं त्याला बसता आलं पाहिजे."

जावईबापूंचा चेहरा पडला. "म्हणजे नाहीच म्हणा की. चला ताई, वाईट वाटून घेऊ नका."

वाईट कसलं? ताईंना आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. इतक्या वर्षांत जावईबापूंना अडवणारा पहिल्यांदाच कुणीतरी भेटला होता.

"ऐकलंत ना?" त्या म्हणाल्या. "हात लावायचा नाही."

ब्रेक लावला, हात होडीच्या बाकावर टेकला आणि रेटा दिला. होडी जराशी हलली, हात सटकला, ताई धप्पकन परत खुर्चीत. मागं रांगेतले लोक चुकचुकले. आता नाही जमलं तर परत सावलीतच, हे ताईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांचे कान तापले. होडी हलू नये म्हणून होडीवाल्यानं तिची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. ताईंनी दुसऱ्यांदा अंग उचललं आणि टाकलं. बसल्या.

"मी धरते तुला," म्हणत धाकटी घाईघाईनं शेजारी येऊन बसली. होडीवाल्यानं दोघींच्या मांडीवर दांडा लावला.

होडी वर गेली तसे धाकटीनं डोळे मिटले आणि ताईंच्या दंडाला जी मिठी मारली, ती शेवटपर्यंत सोडली नाही. ताईंच्या पोटात गोळा आला, पण हा गोळा त्यांनी हौसेनं मागून घेतला होता. त्या हसत सुटल्या. इतक्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं.

होडी थांबली. धाकटी लटपटत उतरली, जावईबापूंनी धरून ठेवलेली खुर्ची समोर दिसली तशी तिनं बसकणच मारली.

"थोडं बसू द्या. सगळं गरगरतंय."

होडीवाल्यानं विचारलं, "ताई, उतरताय ना?"

"उतरू कुठं? माझ्या खुर्चीत ती बसलीय."

जावईबापूंचे हात सवयीनं पुढे आले, नियम आठवला तसे मागं गेले. ताई बाकावर नीट सरकून बसल्या.

"लावा दांडा," त्या होडीवाल्याला म्हणाल्या. "ती उठेपर्यंत एक फेरी मारून येते."