भरतीचा फुकट कागद

उघाडीच्या तोंडाशी गाळ साचतो. कोणी आणून टाकत नाही. प्रत्येक भरती थोडा ठेवून जाते आणि एक दिवस फळी बसत नाही. किश्श्यांचं तसंच आहे. आमच्या भरतीच्या कागदाचे किस्से मी जमवले नाहीत. साचले. आता फळी बसत नाही, म्हणून काढतो.

आधी माणसं सांगतो. मी पेणच्या खाडीवरचा. शाळा दुसरीपर्यंत. आमच्या गावाची भातशेती मातीच्या बांधाच्या आत, खाडी बाहेर. बांधात एक लाकडी दार आहे, ती उघाडी. ओहोटीला फळ्या काढायच्या म्हणजे शेतातलं पाणी खाडीत उतरतं. भरतीच्या आधी फळ्या टाकायच्या म्हणजे खारं पाणी आत येत नाही. हे काम मी चाळीस वर्षं केलं. पगार नाही. माझ्या बापालाही नव्हता.

निसार रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावचा. बरीच वर्षं आखातात एका बंदरावर होता. नव्वदच्या पुढे कधीतरी परत आला. लोक टीव्ही आणतात, याने कॉम्प्युटर आणला. मेहुणा होडीवाला, त्याच्यासाठी याने भरती-ओहोटीचा प्रोग्राम लिहिला. मग मागेल त्याला तो फ्लॉपीवर फुकट. नुसता प्रोग्राम नाही, तो कसा लिहिला तेही त्याच फ्लॉपीत. कुलूप नाही.

तिसऱ्या सरोजबाई. पेणला एस.टी. स्टँडमागे त्यांचा टायपिंग क्लास, आणि तिथे एक कॉम्प्युटर. निसारचे इंग्रजी आकडे बघून त्या मराठी टाइपरायटरवर स्टेन्सिल कापायच्या आणि महिन्याचा कागद खाडीकाठच्या गावांना पाठवायच्या. तोही फुकट.

तिघांत पगारी कोणी नाही. भांडणं मात्र पगारी माणसांसारखी.

*

पहिला कागद मला सरोजबाईंनी वाचून दाखवला. मी तिथीवरून बोटांवर पाणी मोजतो. कागदाशी ताडून पाहिलं. थोडा फरक होता, पण माणूस खोटा नव्हता. मग त्यांनी शेवटची ओळ वाचली. "हा कागद विनामूल्य आहे. चूक निघाल्यास जबाबदारी नाही."

मी त्याच दिवशी रोह्याची एस.टी. धरली.

निसारच्या खोलीत खिडकीतून कुंडलिका नदी दिसत होती आणि काळ्या काचेवर हिरवी अक्षरं लुकलुकत होती. मी बसलो नाही. म्हटलं, या कागदावर लोक होड्या सोडणार, मी फळ्या टाकणार. चुकलं तर कोण?

तो म्हणाला, बंदरावर जे जे प्रोग्राम यायचे त्या सगळ्यांवर ही ओळ असायची. रीत आहे.

"जबाबदारी घ्यायची नाय तर देतोस कशाला?"

"तात्या, फुकट देतोय."

"मी पण फुकटच फळ्या टाकतो. उघाडीवर पाटी लावलीय काय, जबाबदारी नाही म्हणून?"

त्याने चहा मागवला. ओळ काढली नाही. मी चहा घेतला. प्रश्न मागे घेतला नाही.

*

फरकाचं कारण पुढच्या खेपेला कळलं. मशीनचं पाणी मुंबई बंदराचं होतं. तिथून आमच्या खाडीत चढायला पाण्याला वेळ लागतो. निसारने विचारलं, किती?

मी सांगितलं, भात शिजतो तेवढा.

तो हसला नाही. हे त्याचं मला आवडलं. बोटं कॉम्प्युटरच्या कळांवर ठेवून बसला आणि विचारलं, "किती माणसांचा?"

मी विचार केला. "सहा जणांचा. चुलीवर."

पुढच्या सोमवारी सरोजबाईंनी घड्याळ समोर ठेवून घराच्या मागे चूल पेटवली आणि सहा जणांचा भात लावला. चाळीस मिनिटं. ती निसारला कळवली. पुढे एकदा त्या प्रोग्रामचं लिखाण मला वाचून दाखवत होत्या. सगळं इंग्रजी. मध्येच थांबल्या. म्हणाल्या, "तात्या, इथे भात लिहिलंय."

त्या दिवसापासून कागद मला थोडा आपला वाटायला लागला. वाटायला नको होता.

*

फुकट घेणाऱ्याचा रुबाब वेगळाच असतो. एका मिठागरवाल्याने सांगून पाठवलं, पाण्याबरोबर पाऊसही टाका. एका बाईने विचारलं, मासे कुठे ते का लिहीत नाही. जोह्याचा एक गणपतीवाला, कारखान्यामागे त्याची भातशेती, तो तर क्लासात येऊन सरोजबाईंवर ओरडला. कागद दोन दिवस उशिरा मिळाला होता. "फुकट देता म्हणून उशिरा द्यायचा काय?"

सरोजबाई भांडल्या नाहीत. त्यांनी त्याच्या हातात फ्लॉपी ठेवली. तेव्हाची ती मोठी, पातळ, मधोमध भोक असलेली. म्हणाल्या, यात सगळं आहे. जोह्यात कोणाकडे कॉम्प्युटर असेल तर तुम्हीच काढा.

महिन्याने तो परत आला. फ्लॉपी काही सांगत नाही म्हणाला. विचारलं, ठेवलीत कुठे? कारखान्यात, गणपतींच्या वर, खिळ्याला टांगली होती.

"भोक दिलंय ते टांगायलाच ना?"

*

निसारच्या काचेवर आकडे यायचे तशी एक रेघही यायची. हिरवी. वर गेली की भरती, खाली आली की ओहोटी. एकदा त्याने अख्खं वर्ष लावलं. माझा चहा निवेपर्यंत वर्षभराचं पाणी आलं आणि गेलं. आवाज नाही, वास नाही. माझी सगळी ओली चप्पल, सगळ्या फळ्या, सगळे चढउतार त्या रेघेत होते. मी बघत राहिलो.

मग विचारलं, मागचं पाणी दिसतं काय?

"दिसतं, तात्या. कुठल्या दिवसाचं?"

मी लग्नाची तारीख सांगितली, आणि त्या दिवसावरून घरात चाललेलं भांडणही. बांधावरचा माणूस तारीख विसरत नाही. माझी बायको पारू पलीकडच्या गावची. वऱ्हाड तिला घेऊन होडीतून निघालं आणि मधेच चिखलात रुतलं. नवरी अर्धा दिवस खाडीत बसून होती. पस्तीस वर्षं मी म्हणत आलो, त्या दिवशी पाणी लवकर उतरलं. पस्तीस वर्षं ती म्हणत आली, तुमची माणसं जेवणावरून उठत नव्हती, होडी उशिरा सुटली.

निसारने तारीख टाकली. रेघ मागे मागे गेली, पोरांच्या जन्माच्या मागे, बापाच्या मरणाच्या मागे, आणि थांबली. तिथे ऊन असल्यासारखं वाटलं. पाणी भरलेलं, काठावर माणसं, होडीत ती मान खाली घालून.

निसार हळूच म्हणाला, "पाणी वेळेवर उतरलंय, तात्या."

मी घरी काही बोललो नाही. पुढच्या महिन्याचा कागद आला, त्यासोबत निसारची चिठ्ठी. भाभींना सलाम, होडी उशिराच सुटली होती.

*

आता जे सांगतो ते हसण्यावारी नाही.

कार्तिकातली गोष्ट. भात कापून शेतात पसरलेलं. वाळलं की भारे बांधायचे. त्या दिवसांत रात्रीचं उधाण मोठं असतं, आणि आमच्या बांधाची एक बाजू बसली होती. वर चिखल चढवायचा होता. अशा कामाला आमच्याकडे घरटी एक माणूस येतो. कागदावर महिन्यातलं सगळ्यात मोठं उधाण लिहिलं होतं, मंगळवार, रात्री एक वाजून दहा मिनिटं. मी गावाला सांगितलं, मंगळवारी दुपारी बांधावर या. सांजेपर्यंत उरकू.

सोमवारी मावळतीला मी उघाडीवर उभा होतो. पाणी गप्प होतं. खाडीवर दुधासारखं धुकं होतं आणि वास जड होता. मला वाटलं, हे उद्याचं नाही. आजचंच आहे. चाळीस वर्षांत असं वाटलं की मी कोणाला विचारलं नव्हतं. त्या दिवशी मनात कागद काढून पाहिला. कागद म्हणत होता मंगळवार. कागदात माझा भात होता. मी घरी गेलो.

मंगळवारी उजाडलं तेव्हा बांधाला खांड पडली होती आणि शेत नव्हतं. पाणी होतं, आरशासारखं. त्यावर आमचं कापलेलं भात तरंगत होतं. पेंढ्या हळूहळू फिरत होत्या आणि खांडीच्या दिशेने चालल्या होत्या, एकामागून एक, बाजाराला निघाल्यासारख्या. इतकं शांत काही मी पाहिलेलं नाही. पारू कमरेइतक्या पाण्यात उभी राहून पेंढ्या ओढत होती.

मी म्हटलं, "काय गो, किती राहिलं?"

ती म्हणाली, "तुमी सांगा. कागद तुमचा."

*

दुपारी सरोजबाईंना निरोप गेला. त्यांनी रोह्याला फोन लावला. मग कळलं ते असं.

मशीनचा वार बारा वाजता बदलतो. सोमवार संपला, मंगळवारचा एक वाजला. मशीन बरोबर. सरोजबाईंनी ते बघून टाइप केलं, मंगळवार, रात्री. घड्याळाने त्याही बरोबर. निसारने कागद नजरेखालून घातला होता. त्यांच्यात वार मावळतीला बदलतो. मंगळवारची रात्र म्हणजे मंगळवारच्या आधीची. त्याला चूक दिसलीच नाही. आणि आमचा मंगळवार सूर्य उगवल्यावर सुरू होतो. त्याची रात्र त्याच्यानंतर.

कोणी चूक केली नव्हती. आणि भात खाडीत गेलं होतं.

गावातले लोक म्हणाले, त्या रोह्याच्याला बोलवा. मी बोलावलं नाही. बोलावलं असतं तर काय म्हणणार होतो? ओळ त्याने पहिल्याच दिवशी लिहून ठेवली होती.

बुधवारी सकाळी खांड बुजवायला माणसं जमली. मी घरांची नावं घेतो, ज्याचं घर तो "हाय" म्हणतो. माझ्याकडे यादी नसते. बत्तीस घरं झाली. मी थांबलो. मागून आवाज आला.

"रोहा. हाय."

निसार पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून उभा होता. काखेत स्वतःचं घमेलं.

एकाने खिशातून कागद काढला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून त्याच्यापुढे धरला. जबाबदारी नाही. मोठ्याने वाचला.

निसारने ऐकून घेतलं. "ती ओळ कोर्टासाठी हाय," तो म्हणाला. "बांधासाठी नाय."

मग तो रांगेत माझ्या शेजारी लागला. दुपारपर्यंत चिखल हातोहात गेला. बोलणं झालं नाही. एकदाच त्याने सांगितलं की पहिल्या एस.टी.त कंडक्टरने त्याला विचारलं, पेणला घमेलं मिळत नाय काय?

"मग तू काय बोललास?"

"तिकीट मागितलं."

*

पुढच्या कागदावर सरोजबाईंनी रात्रीचे दोन दोन वार टाकले. सोमवार-मंगळवारमधली रात्र, असं. निसारने प्रोग्रामही तसा केला. खाली आणखी एक ओळ आली. हिशेब निसार, रोहा. छपाई सरोजबाई, पेण. खाडीचा उशीर तात्या, आणि पुढे आमच्या गावाचं नाव.

मी क्लासात गेलो. म्हटलं, माझं नाव मला न विचारता कसं टाकलं? मी काय लिहिलंय त्यात? काढून टाका.

सरोजबाईंनी चष्मा काढून पुसला. "काढते. मग चुकलं तर कोण, तात्या?"

मी बघतो म्हणालो आणि घरी आलो.

*

माघात एक माणूस दारात उभा राहिला. माझ्याच वयाचा. पायाला वाळलेला चिखल. रोह्याच्या खाडीवरचा, खालच्या अंगाचा. टोपीतून कागद काढला. घडी इतक्यांदा घातलेली की आकडे पुसत आले होते.

"हे तात्या तुमीच काय?"

मी हो म्हटलं.

त्याने सांगितलं. त्याची सून ओहोटीला कालवं काढायला खडकावर गेली होती. कागद बघून गेली होती. कागदाच्या आधी पाणी आलं. कंबरभर. ती दुसऱ्या बाईचा हात धरून निघाली. टोपली गेली.

मी म्हटलं, हा उशीर आमच्या खाडीचा आहे. तुमच्याकडे तोंड जवळ, पाणी आधी येणार. तुमचा भात वेगळा.

त्याला भात कळला नाही. कळायचं कारण नव्हतं.  तो शांतपणे म्हणाला, "जबाबदारी घ्यायची नाय तर देता कशाला?"

आत पारूच्या हातातलं भांडं थांबलं.

मी त्याला पाणी दिलं. चप्पल घातली. त्याच्या गावचा बांध शाबूत होता. खांड नव्हती, चिखल चढवायचा नव्हता. त्याच्या खाडीत पाणी किती उशिरा चढतं ते बसून बघायचं होतं, एवढंच. तरी मी परसात गेलो आणि घमेलं घेतलं.

एस.टी.त आम्ही दोघं शेजारी बसलो. कंडक्टरने वर-खाली पाहिलं. "रोह्याला घमेलं मिळत नाय काय, तात्या?"

मी दोन तिकिटं मागितली.