बंपरला बांधलेला आहेर

नातवाच्या बारशाला आम्ही दोघं अमळनेरहून धुळ्याला निघालो, तर वाटेत हरीण आडवं आलं. धडकलं, उठलं आणि कपाशीत पळालं. आमच्या नव्या गाडीचा बंपर मात्र रस्त्याला घासायला लागला.

"त्याला दिसत नाही का?" हे हरणावरच चिडले. खरंय, चष्मा तर हरीणच घरी विसरलं होतं.

बांधायला दोरी नव्हती. हे आहेराच्या पिशवीतून विहीणबाईंची साडी काढायला लागले. साडी गेली असती तर लेकीला वर्षभर टोमणे. म्हटलं, "साडी ठेवा. व्याह्यांचा टॉवेल घ्या."

आहेर करताना व्याह्यांच्या हातात नुसती टोपी ठेवली. त्यांनी दारातल्या गाडीकडे पाहिलं. म्हणाले, "राहू द्या, विहीणबाई. गाडीचा मान मोठा शे."